नऊ नंबर हिरवाच आहे

सोमवार, १ सप्टेंबर

आज भिंतीवरचा जुना फलक उतरवला. अकरा चौक्यांचे अकरा बल्ब, प्रत्येकाखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. उचलायला चौघे लागले. साहेब म्हणाले, "बाई, हा आता संग्रहालयात शोभेल." मी म्हटलं, "मग मलाही बरोबरच पाठवा, शेजारी उभी राहते." साहेब हसले नाहीत. नवीन सामान आलं की त्यांना विनोद कळत नाही.

त्या जागी भिंतभर स्क्रीन लागली. धरणापासून शहराच्या खालच्या टोकापर्यंत निळी नदी आणि तिच्या काठाने अकरा हिरवे ठिपके. धरण, दरवाजे, पंप, आणि सात ते अकरा या भोंग्यांच्या चौक्या. धरणातून पाणी सोडायचं झालं की आमच्या कंट्रोल रूममधून बटण दाबायचं, खालच्या वस्त्यांतले पाचही भोंगे वाजतात आणि लोक वर निघतात. नवं सॉफ्टवेअर म्हणे दर तीस सेकंदांनी प्रत्येक चौकीला हाक मारतं. कुणी ओ दिली नाही तर ठिपका लाल होतो आणि ते बोंब मारतं.

मी एकतीस वर्षं रोज सकाळी सातला काळ्या फोनवरून अकराही चौक्यांना हाक मारते. "पट्टी वाचा," म्हणते. पट्टी म्हणजे काठावर रोवलेली आकड्यांची पट्टी, पाणी किती चढलं ते दाखवणारी. चौकीदाराने बाहेर जायचं, डोळ्यांनी बघायचं, आकडा सांगायचा. मी वहीत लिहायचा. मला ओ देतात ती माणसं, डबे नव्हेत.

सॉफ्टवेअर बसवायला कंपनीची एक मुलगी आलीय. चष्मा डोक्यावर ठेवते आणि टेबलभर शोधते. मला काकू म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या काकाला मी पाहिलेलंसुद्धा नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

प्रशिक्षण. चष्मेवाली भराभरा बोलते, मी सावकाश लिहून घेते, त्यामुळे ती तिसऱ्या पानावर आणि मी पहिल्यावर. नऊ नंबरचा ठिपका सकाळपासून क्षणात लाल, क्षणात हिरवा, आणि सोबत टीं टीं टीं. ती म्हणाली, "चौकीतल्या केबलचा जोड सैल असेल, उद्या माणूस पाठवू." आणि गेली चहाला.

मी एकटी आणि ती टीं टीं. डोकं उठलं. ठिपक्यावर दाबलं तर एक यादी उघडली. त्यात 'दुरुस्ती चालू' अशी ओळ होती. म्हटलं, दुरुस्ती होणारच आहे. दाबली. आवाज बंद, ठिपका हिरवागार. एकतीस वर्षांचा अनुभव काय उगाच असतो? ती परत आली तेव्हा मी पाय लांब करून बसले होते. तिला वाटलं जोड आपोआप बसला, आता माणूस पाठवायला नको. सगळं तिलाच येतं असं वाटायला नको, पण सांगून कशाला मोठेपणा घ्या.

दुपारी नऊ नंबरचे चौकीदार फोनवर. "बाई, चौकीतल्या नव्या डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतोय." मी म्हटलं, "इथे बोंबलत होता, मीच गप्प केलाय. तुम्ही काळजी करू नका." ते म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे झालं." असा माणूस पाहिजे. उगाच फाटे फोडत नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

हुकूम आला. सकाळी सातचे फोन तात्काळ बंद. काळा फोन काढून नेला, टेबलावर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन तेवढा उरलाय.

दर गुरुवारी अकराला भोंगे खरोखर वाजवून बघायचो तेही बंद. आवाजाच्या तक्रारी येतात म्हणे. आता 'मूक चाचणी'. सॉफ्टवेअर भोंग्याच्या डब्याला विचारतं, ठीक आहेस ना, आणि डबा म्हणतो, ठीक आहे. चहा न पिता तो गोड आहे म्हणून सांगण्यातला प्रकार. मी साहेबांना तसं म्हटलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय. आता निवांत बसा." निवांत बसायला मी काय आजारी आहे?

सोमवार, ८ सप्टेंबर

शुक्रवारपासून तीन दिवस रागाने कुणालाच फोन केला नाही. आज विचार केला, ड्यूटी आठला लागते. इतकी वर्षं मी सातला जात होते ती माझ्या मनाने. सातला मी माझ्या स्वयंपाकघरात असते, आणि तिथून मी कुणाला फोन करावा हे साहेबांनी सांगायचं नाही.

ओट्यावर वही ठेवली, मोबाइल घेतला, एकपासून सुरुवात केली. दोन नंबरवाला म्हणाला, साहेबांचं पत्र आलंय, बोलायचं नाही. मी म्हटलं, "पत्र वाचता येतं तर पट्टीही वाचता येईल." वाचली मुकाट्याने.

नऊ नंबरवाले पहिल्या रिंगलाच बोलले. म्हणाले, "तीन दिवस सातला फोन वाजला नाही. मला वाटलं घड्याळच बंद पडलं, सेल बदलून आणले." वक्तशीर माणूस. बायको गेल्यापासून चौकीतच राहतात, त्यामुळे घड्याळाची काळजी असणारच. मग विचारलं, "आवाज बसलाय का तुमचा?" मी म्हटलं, "पट्टी वाचा."

बुधवार, १० सप्टेंबर

संध्याकाळी धाकटीकडे गेले. माझी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण बोलते बारा वर्षांनी मोठी असल्यासारखी. तिचं घर शहरातल्या सगळ्यात खालच्या गल्लीत, नऊ नंबरच्या भोंग्याखालीच. तळमजल्यावर तीन शिलाई मशिनं, आणि आतल्या खोलीत तिच्या सासूबाई, चार वर्षं अंथरुणावर. भोंगा वाजल्यापासून पाणी गल्लीत शिरायला पाऊण तास लागतो. सासूबाईंना खुर्चीत बांधून चढाच्या वरच्या शाळेत न्यायला अर्धा तास. हे आम्ही दोघींनी एकदा प्रत्यक्ष करून बघितलंय. सासूबाई वाटेत सगळ्यांना नमस्कार करत होत्या.

धाकटी म्हणाली, "ताई, गेल्या गुरुवारी भोंगा वाजला नाही." मी म्हटलं, "आता मुकाच वाजतो." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

स्क्रीनवर नऊ नंबरचं पाणी दोन मीटर दहा. चौकीदारांनी सांगितलं दोन पस्तीस.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना?" मी म्हटलं, "झालंय म्हणजे आता दिसतं. नव्हतं झालं तेव्हा दिसत नव्हतं." साहेबांनी स्क्रीनकडे बोट केलं. "नऊ नंबर हिरवाच आहे, बाई."

सोमवार, १५ सप्टेंबर

स्क्रीन दोन दहा. चौकीदार दोन पन्नास. वही काढून मागे गेले. दोन तारखेला दोघांचाही आकडा दोन दहा. त्यानंतर नदी चढत गेली आणि स्क्रीन तिथेच बसलीय. खोटारडं सॉफ्टवेअर.

लेखी तक्रार दिली, दोन प्रती, पोच घेतली. चष्मेवाली दुसऱ्या गावी गेलीय, तिलाही फोन लावला. तिला तिथून सगळं हिरवं दिसतं. म्हणाली, "काकू, नऊच्या ठिपक्यावर दाबून एकदा आत बघता का? काय काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा." मी म्हटलं, "मी त्याला हातसुद्धा लावणार नाही. तुझं आहे, तू ये आणि बघ." ती म्हणाली, "एकच मिनिट लागेल." मी फोन ठेवला. ज्याने तोंडावर खोटं सांगितलं त्याच्या घरात मी पाऊल टाकत नसते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

उशीर झालाय, पण आजचं आजच लिहायचं.

आज सॉफ्टवेअरचं उद्घाटन. वरचे अधिकारी, हार, फोटो. चष्मेवालीही आली होती, इस्त्रीच्या कपड्यांत, चष्मा नाकावर. एक वाजता धरणावरून निरोप आला. वरच्या खोऱ्यात पाणी फार झालंय, तीनला तीन दरवाजे उघडणार. साहेबांना आनंद झाला. खरंच, आनंद झाला. म्हणाले, "प्रात्यक्षिकच होईल."

तीनला मुख्य पाहुण्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर सात ते अकरा, पाच ठिपक्यांपुढे 'आदेश पाठवला' आलं. टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असताना मी मोबाइल काढून नऊ नंबर लावला.

"वाजला का?"

"काय?"

"भोंगा."

"नाही हो. तुम्ही वाजवलात?"

साहेबांकडे जाऊन सांगितलं, नऊचा भोंगा वाजलेला नाही. ते पाहुण्यांकडे बघून हसत, ओठ न हलवता म्हणाले, "बाई, तमाशा नको. नऊ हिरवा आहे. तो म्हातारा झोपला असेल." मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. "आता सांगा परत, मोठ्याने."

"नाही वाजला," चौकीदार म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

चष्मेवाली धावत संगणकापाशी गेली, ठिपका उघडला, आणि तिचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघितलं, मग खाली. वाटलं, लाज वाटली असेल सॉफ्टवेअरची.

मी म्हटलं, "हातभोंगा आहे ना अजून?" जुना, हँडल फिरवून वाजवायचा. मागच्या वर्षी तो भंगारात काढायचा कागद आला होता, मी तो माझ्या खणात ठेवून दिला होता.

"माळ्यावर आहे."

"काढा आणि फिरवा. थांबू नका."

साहेब म्हणाले, "कुणाच्या हुकमाने? माणसं घाबरून पळत सुटतील."

"माझ्या," मी म्हटलं. "आणि पळायलाच पाहिजे त्यांनी."

आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग घरघर, मग तो चढत जाणारा आवाज. त्यांनी फोन खिडकीत ठेवला असावा. पंचेचाळीस मिनिटं आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. आवाज मधेच उतरायचा, खोकला ऐकू यायचा, की परत चढायचा. पासष्ट वर्षांचा माणूस. एकही पाहुणा जागचा उठला नाही. तीन पन्नासला धाकटीचा मेसेज आला. "शाळेत पोचलो. सासूबाई सगळ्यांना नमस्कार करतायत."

मग मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

धाकटीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं. एक मशिन गेलं, दोन वाचली. गल्लीतली सगळी माणसं वाचली. चौकीदारांचा खांदा सुजलाय, तरी सातला पट्टी वाचली. मी म्हटलं, "एक दिवस राहू द्यायचं." ते म्हणाले, "मग तुम्ही कुणाशी भांडणार?"

चौकशी बसलीय, आणि ऑफिसात लोक माझ्याकडे वळून बघतात. मीही मान ताठ ठेवून चालले. सॉफ्टवेअरचा खोटेपणा मी पंधरा तारखेलाच लिहून दिला होता. पोच आहे माझ्याकडे.

सोमवार, २२ सप्टेंबर

चष्मेवालीने मला कँटीनच्या मागच्या टेबलावर नेलं. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक ओळ होती. चौकी नऊ, 'दुरुस्ती चालू', २ सप्टेंबर, अकरा बेचाळीस. पुढे माझं नाव.

ती हळू बोलत होती. 'दुरुस्ती चालू' केलं की सॉफ्टवेअर समजतं तिथे माणूस काम करतोय, म्हणून त्या चौकीची एकही तक्रार ते कानावर घेत नाही. ठिपका हिरवा राहतो, आकडा जिथे होता तिथे थांबतो. त्याच रात्री सैल जोड पूर्ण सुटला. नंतर प्रत्येक मूक चाचणीत नऊ नंबर नापास झाला आणि ते सोळा दिवस गप्प बसलं, कारण मी त्याला गप्प बसवलं होतं. ठिपका उघडला की आत एक छोटा पाना दिसतो, दुरुस्तीची खूण म्हणून. त्या दिवशी फोनवर ती म्हणाली तसं आत बघितलं असतं तर तोच दिसला असता.

मी ते तीनदा वाचलं. धाकटीच्या आतल्या खोलीतला पलंग डोळ्यांपुढे आला, आणि पाण्याने काढलेली भिंतीवरची रेघ. पलंगाच्या वर होती.

ती म्हणाली, "काकू, आमचीही चूक आहे. तो पाना नकाशावर दिसायला हवा होता. किती वेळ ते विचारल्याशिवाय सॉफ्टवेअरने तसं राहायलाच नको होतं. आणि माणूस मी पाठवला नाही. हे मी अजून अहवालात घातलेलं नाही. साहेबांनी पाहिलंय फक्त."

साहेबांनी दुपारी बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली. म्हणाले, "सगळं कंपनीवर जाईल. तुमचं नाव कुठेच येणार नाही. विनाहुकूम हातभोंग्याचंही मी विसरतो. तुम्ही फक्त ती तक्रार मागे घ्या आणि ते सातचं प्रकरण थांबवा." पाणीसुद्धा पुढे केलं.

मी पाणी प्यायले आणि उद्या सांगते म्हटलं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आधी धाकटीला सांगितलं. ती मशिनवर शिवत होती, पाय थांबला. म्हणाली, "तूच?" मी म्हटलं, "मीच. चहाच्या सुट्टीत." तिने कात्रीने दोरा कापला. मग म्हणाली, "ज्याने भोंगा बंद केला त्याचं नाक कापायला हवं, असं मी गल्लीभर सांगत फिरलेय, ताई." मी म्हटलं, "मग काप." तिने कात्री बाजूला ठेवली आणि आत निघून गेली. मी तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने आतून ओरडली, "चहा घेणार का, की त्याच्यावरही राग आहे?"

मग चौकीदारांना फोन केला, सातची वेळ नसताना. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मला माहीत होतं."

"कसं?"

"दोन तारखेला तुम्हीच म्हणाला होतात, मीच गप्प केलाय म्हणून."

"मग चौकशीवाले आले होते ना तुमच्याकडे? त्यांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी पट्टीचं विचारलं, मी पट्टीचं सांगितलं."

या माणसाचं मला काही कळत नाही. सरळ साक्ष द्यायची सोडून माझ्यावर मेहेरबानी कशाला?

दुपारी बसून जबाब लिहिला. २ सप्टेंबरला 'दुरुस्ती चालू' मी दाबलं. न कळता दाबलं आणि कळलंय अशा तोऱ्यात बसले. चौकीदाराने त्याच दिवशी कळवलं होतं, त्यांना मी गप्प केलं. १५ तारखेला ठिपका उघडून बघायला सांगितलं असता नकार दिला. ही चूक माझी आहे, ती मी कंपनीला देणार नाही. पण चूक सापडली ती सातच्या फोनमुळे, आणि सातचे फोन बंद करण्याचा हुकूम कुणाचा होता त्याची प्रत सोबत जोडली आहे. तक्रार मागे घेत नाही.

सही केली. पाच प्रती, पाच ठिकाणी पोच घेतली. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." मी म्हटलं, "पाय माझा आहे."



बुधवार, ८ ऑक्टोबर

निकाल लागला. मला लेखी ताकीद. माझा पासवर्ड काढून घेतला, यापुढे मी सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. कंपनीने नकाशावर पाना मोठा केलाय, पिवळाधमक, आणि दर चार तासांनी तो विचारतो, अजून दुरुस्ती चालू आहे का. चष्मेवालीने तो पहिला मला दाखवला. मी म्हटलं, आणखी मोठा कर.

आणि शेवटचं कलम. सकाळी सातला चौकीदाराने डोळ्यांनी वाचलेली पट्टी फोनवर घ्यावी आणि स्क्रीनशी ताडून पाहावी. दर गुरुवारी भोंगे प्रत्यक्ष वाजवावेत. जबाबदारी माझ्याकडे.

म्हणजे शिक्षा म्हणून मला फोन दिलाय.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

काळा फोन परत आला. कुठल्या तरी कपाटात पडला होता, वायरीला गाठी. चष्मेवालीने त्या सोडवल्या. त्या स्वच्छ चौकोनात तो नीट बसला.

सातला एकपासून अकरापर्यंत. नऊ नंबरवाले म्हणाले, "एक ऐंशी. आणि बाई, रविवारी सातचा फोन झाला की सुट्टीच असते ना तुम्हाला? एकदा पट्टी बघायला या की." मी म्हटलं, "तुम्ही वाचताच की, मी आल्याने ती काय वेगळी दिसणार आहे?" धाकटीला हे सांगितलं तर ती मशिनवर डोकं ठेवून हसली. हसण्यासारखं काय होतं ते सांगत नाही.

अकराला मी नऊ नंबर परत लावला. मला बटण दाबायची परवानगी नाही, म्हणून चष्मेवाली संगणकापाशी बसली. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. मी तिकडे पाठ केली आणि फोन कानाला घट्ट लावला.

"दाब," मी म्हटलं.

आधी चौकीदारांचा श्वास ऐकू आला. मग घरघर, मग तो आवाज चढला, चढतच गेला, इतका की मला फोन कानापासून लांब धरावा लागला आणि सगळ्या खोलीने तो ऐकला. त्या आवाजाखाली माझी बहीण राहते. मी एक मिनिट पूर्ण होऊ दिलं. मग आणखी एक.

साहेब दार उघडून आत आले. आवाजाच्या तीन तक्रारी आल्यात म्हणाले, चाचणी एकच मिनिटाची असते. दुसरं मिनिट कुणाच्या हुकमाने?

"माझ्या," मी म्हटलं. "लिहून घ्या."